विद्यार्थी प्रतिनिधी : शोभेचा की कामाचा?

तुमच्या वर्गाला मॉनिटर असतो. खडू आणणे, फळा पुसणे, शिक्षक येईपर्यंत गोंगाट करणाऱ्यांची नावे लिहून ठेवणे ही त्याची नेहमीची कामे. आता एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. हा मॉनिटर कोणाचा माणूस? शिक्षकांनी तुमच्यावर देखरेख करण्यासाठी नेमलेला, की तुमचे म्हणणे शिक्षकांपर्यंत नेण्यासाठी तुम्ही पुढे केलेला? बहुतेक शाळांत पहिलेच उत्तर खरे ठरेल. वर्गातला पंखा बंद पडला तर मॉनिटर ऑफिसात जाऊन सांगतो, हे कबूल. परंतु 'बाई, अपवर्तनाचा धडा अर्ध्या वर्गाला कळलेला नाही, पुन्हा घ्याल का?' असे वर्गाच्या वतीने सांगणे हेही आपले काम आहे, असे किती मॉनिटरांना वाटते?

हा प्रश्न एका वर्गापुरता असता तर त्यासाठी मासिकाची पाने अडविण्याचे कारण नव्हते. तोच प्रश्न मोठ्या रूपात मोठ्या माणसांच्या संस्थांतही उभा आहे आणि त्याचा तुमच्याशी तुम्हांला वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

डॉक्टरांची संघटना असते, वकिलांची असते, हे तुम्ही ऐकले असेल. तशाच शास्त्र शिकविणाऱ्यांच्या आणि शास्त्रात काम करणाऱ्यांच्याही संस्था असतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची अखिल भारतीय संघटना १९८४ साली डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. आय. ए. पी. टी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडकडे जाणाऱ्या वाटेवरची पहिली परीक्षा ही संघटना घेते. पुढचे टप्पे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञानाची वेगळी परीक्षा आहे. तिच्या वाटेने जेथे पोहोचता येते, ते आंतरराष्ट्रीय कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाड २०१३ साली आपल्या पुण्यातच भरले होते. मुंबईतील विज्ञान शिक्षकांची संघटना सहावी आणि नववीच्या मुलांसाठी 'डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक' स्पर्धा चालविते. १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद तर तुमच्या परिचयाचीच असेल.

या संस्थांच्या बैठकींत काय ठरते? परीक्षा कोणत्या रविवारी घ्यावयाची, शुल्क किती, प्रश्न कोणत्या भाषांत, प्रयोगाला वेळ किती, व्याख्यानाला कोणाला बोलवायचे, कार्यशाळा कोठे भरवायची. म्हणजे जवळजवळ सगळेच विद्यार्थ्यांसाठी. ज्याच्यासाठी हे ठरते तो विद्यार्थी त्या खोलीत असतो का? असला तर बोलतो का? आणि बोलला तर त्याचे बोलणे इतिवृत्तात लिहिले जाते का?

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हांला माझ्याशी भांडणे सोपे जाईल. अशा प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असले पाहिजेत आणि ठरावीक विषयांवर त्यांना मताचा अधिकार असला पाहिजे. पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ देण्यासाठी विद्यार्थी लागतात, तेवढ्यापुरते ते नकोत. (पुष्पगुच्छ देणारी ही मुले पुढच्या दोन तासांत व्यासपीठाच्या बाजूला उभीच असतात, त्यांना खुर्चीही मिळत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल.)

आपल्या देशात विद्वानांच्या संस्थांनी तरुणांना अगदीच दूर ठेवले असे मात्र नाही. एक जुना दाखला पाहण्यासारखा आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांनी एक संस्था काढली. वर्गणी जमवून परदेशी गणिती नियतकालिके आणि पुस्तके मागवायची व ती सभासदांत फिरवायची, हा तिचा मूळ हेतू. हीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. तिचे ग्रंथालय सुरुवातीला पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि त्याची व्यवस्था रँग्लर परांजपे पाहत. या संस्थेच्या नियतकालिकात वाचकांसाठी प्रश्न छापीत. १९११ साली त्या सदरात मद्रासकडचा एक तेवीस वर्षांचा तरुण प्रश्न पाठवू लागला. कॉलेजची परीक्षा तो नापास झालेला होता. पदवी नाही, नोकरी नाही. त्याच्या एका प्रश्नाचे उत्तर महिनोन्‌महिने कोणाकडूनच आले नाही, शेवटी ते त्यालाच द्यावे लागले. त्याच वर्षी बर्नुली संख्यांवरचा त्याचा पहिला निबंध तेथे प्रसिद्ध झाला. हा तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

संस्थेने त्याला पदवी विचारली नाही, पान दिले. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पान मिळणे आणि बैठकीत खुर्ची मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हुशार माणसाला मिळते. दुसरी मिळावयास हवी ती जो हुशार असेलच असे नाही अशा पुष्कळांच्या वतीने बोलणाऱ्याला. आपल्या संस्थांनी पहिली वाट थोडीबहुत उघडली, दुसरी बंदच ठेवली.

इंडियन सायन्स काँग्रेस असोसिएशनचेच पाहा. तिचे पहिले अधिवेशन १९१४ साली कलकत्त्याला झाले. पुण्यात १९५० साली अधिवेशन भरले तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते आणि २००० साली पुन्हा पुण्यात भरले तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर. नागपूरला जानेवारी २०२३ मध्ये १०८ वे अधिवेशन झाले. या संस्थेच्या नियमावलीत पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी 'विद्यार्थी सभासद' असा एक वर्ग ठेवला आहे. विद्यार्थी सभासद एखाद्या सभासदामार्फत आपला निबंध अधिवेशनासाठी पाठवू शकतो. मात्र त्याला मत नाही, कोणतेही पद नाही आणि संस्थेच्या कामकाजाच्या सभांत त्याने भाग घ्यावयाचा नाही. म्हणजे प्रकाशाच्या वेगाबद्दल तो भर सभेत बोलू शकतो, पण त्यासाठी त्याला पाच मिनिटे मिळावीत की दहा, याबद्दल त्याने बोलायचे नाही!

असा नियम करणारे लोक दुष्ट नव्हते. वर्षभराची वर्गणी भरून हजारो विद्यार्थी सभासद झाले आणि त्यांच्या मतांवर कोणी संस्थेचा ताबा घेतला तर काय, ही भीती त्यामागे असणार, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण त्या भीतीपोटी दार पूर्ण बंद करण्याची आवश्यकता होती का?

या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या भागातल्या कारखान्यांत सापडते. आम्ही रहाटणीत राहतो. पवना ओलांडली की पिंपरी, पुढे भोसरी, त्यापुढे चाकण. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव इथल्या पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या बसकडे जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'वर्क्स कमिटी'ची तरतूद होती. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सरकार अशी समिती नेमण्याचा हुकूम देऊ शके आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत असे बंधन होते. म्हणजे यंत्रावर उभा राहणारा माणूस इंजिनिअरइतका शिकलेला नसला तरी त्या यंत्राबद्दल त्याला असे काही ठाऊक असते की जे इंजिनिअरला ठाऊक नाही, हे कायद्याने मान्य केले होते.

त्याहून उद्‌बोधक गोष्ट आहे शिकाऊ उमेदवाराची, म्हणजे अप्रेंटिसची. तुमच्यापैकी कोणाचा तरी मोठा भाऊ आय. टी. आय. करून अप्रेंटिस लागला असेल, त्याला विचारा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याच्या अठराव्या कलमात म्हटले आहे की शिकाऊ उमेदवार हा 'प्रशिक्षणार्थी' आहे, 'कामगार' नव्हे. कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. पण याच कायद्याचे चौदावे कलम म्हणते की आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांबाबत कारखाना कायद्यातील तरतुदी त्याला कामगारासारख्याच लागू होतील. हे दोन्ही एकत्र वाचले म्हणजे त्यातला शहाणपणा दिसतो. शिकाऊ मुलाला कामगार म्हणा वा न म्हणा, त्याचे बोट पात्यात सापडले तर ते तितकेच तुटते. म्हणून जेथे परिणाम त्याच्या अंगावर होणार, तेथे कायद्याने त्याला कामगारांच्या ओळीत उभे केले. बाकीच्या बाबतींत बाहेर ठेवले.

विद्वानांच्या संस्थांनी एवढेच करावे. विद्यार्थी हा पूर्ण सभासद नसेल, ठीक आहे. संस्थेची इमारत बांधायची की नाही, ठेवी कोणत्या बँकेत ठेवायच्या, यावर त्याचे मत नसले म्हणून बिघडत नाही. परंतु परीक्षेचा दिवस, केंद्र, भाषा, प्रयोगाची वेळ, कार्यशाळेचे शुल्क या गोष्टींचा भार त्याच्या अंगावर पडतो. तेथे त्याला मत हवे.

'विद्यार्थ्याला असे काय ठाऊक असते?' असे विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी आमच्याच भागातली एक लहानशी हकीकत सांगतो. येथे प्राध्यापकांच्या एका मंडळातर्फे रविवारी सकाळी विज्ञानाची व्याख्याने होत. वक्ते चांगले, विषय चांगले, पण श्रोते कमी. मंडळाच्या बैठकीत यावर चर्चा झाली. एक म्हणाले, हल्ली मुलांना वाचनाची गोडीच नाही. दुसऱ्यांनी मोबाईलला दोष दिला. तिसऱ्यांनी क्लासवाल्यांना. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी 'निमंत्रित' म्हणून कोपऱ्यात बसली होती. अर्धा तास ऐकून घेतल्यावर तिने हात वर केला आणि म्हणाली, "सर, आमच्या वर्गातली निम्मी मुलं भोसरीच्या वर्कशॉपांत कामाला जातात. एम. आय. डी. सी.ला सुट्टी गुरुवारी असते."

बैठकीतले सगळे जण याच गावात राहणारे. गुरुवारी एम. आय. डी. सी. बंद असते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नव्हे. पण ते ज्ञान एका खणात होते आणि व्याख्यानमाला दुसऱ्या खणात. दोन्ही खण एकाच वेळी उघडे असलेली व्यक्ती त्या खोलीत एकच होती, आणि नियमाप्रमाणे तिला मत नव्हते. पुढे काही व्याख्याने गुरुवारी संध्याकाळी ठेवण्यात आली. सभागृह दुथडी भरून वाहू लागले असे मी म्हणणार नाही, पण कामावरच्या मुलांपैकी काही येऊ लागली आणि प्रश्न विचारू लागली. धातू तापवून पाण्यात बुडविला की कडक का होतो, असा प्रश्न विचारणारा मुलगा आदल्या दिवशी ते काम करून आलेला असतो. तेव्हा वक्त्याला उत्तर जपून द्यावे लागते.

दुसरे उदाहरण भाषेचे. आमच्याकडे अकरावीला येणारी अनेक मुले मराठी शाळांतली असतात. त्यांना 'त्वरण' ठाऊक असते, 'संवेग' ठाऊक असतो, 'जडत्व' तर पाठच असते. पण फळ्यावर 'अॅक्सिलरेशन', 'मोमेंटम', 'इनर्शिया' आले की ती गोंधळतात आणि आपल्याला भौतिकशास्त्र येत नाही असे समजून बसतात. वास्तविक त्यांना भौतिकशास्त्र येत असते, फक्त त्याची इंग्रजी नावे येत नसतात. वीस वर्षे इंग्रजीतून शिकविणाऱ्या माणसाच्या हे लक्षात येणे अवघड, कारण आपण ते शब्द केव्हा शिकलो हे तो विसरून गेलेला असतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच खड्ड्यात पडलेल्या मुलाला मात्र खड्डा नेमका कोठे आहे हे सांगता येते. दोनशे शब्दांचा एक छापील कागद पहिल्या दिवशी हाती दिला तर किती मुले सावरतील! असा कागद काढण्याची सूचना प्राध्यापकांच्या कोणत्याही परिषदेत विद्यार्थ्याकडूनच यावयाची.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की विद्यार्थी अपक्व असतात, जबाबदारी घेऊ शकत नाहीत. याचे उत्तर आमच्या पट्ट्यातली अभियांत्रिकीची मुले दरवर्षी देतात. एस. ए. ई. इंडिया ही वाहन-अभियंत्यांची संस्था 'बाहा' नावाची स्पर्धा घेते. तिची सुरुवात २००७ साली इंदूरजवळ पिथमपूरला झाली. विद्यार्थ्यांनी एका माणसाची, खडबडीत रस्त्यावर चालणारी गाडी स्वतः आखून, बांधून आणावयाची. परीक्षक ब्रेक लावायला सांगतात, तेव्हा चारही चाके एकदम जखडली पाहिजेत, नाहीतर गाडी पुढच्या फेरीला जात नाही. ही मुले पैसे जमवतात, हिशेब ठेवतात, वेल्डिंग करतात, रात्र रात्र जागतात. ज्या मुलाच्या हाती आपण ब्रेक सोपवतो, त्याच्या हाती बैठकीतले एक मत सोपवायला का घाबरावे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विद्यार्थ्यांना अधिकार दिला तर ते परीक्षा सोप्या करून घेतील, प्रश्नपत्रिका फुटतील. यावर मी तुम्हांला सातशे वर्षे मागे नेतो. इटलीतल्या बोलोन्या शहरात विद्यार्थ्यांनी आपला संघ केला होता आणि प्राध्यापकांना त्या संघाचे नियम पाळावे लागत. १३१७ सालची त्यांची नियमावली इतिहासकारांना मिळाली आहे. परवानगीशिवाय प्राध्यापकाने एक दिवसही गैरहजर राहायचे नाही. गावाबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत रक्कम ठेवायची. घंटा झाली की सुरुवात करायची आणि पुढची घंटा झाल्यावर एका मिनिटात थांबायचे. नेहमीच्या व्याख्यानाला पाच विद्यार्थी जमले नाहीत तर प्राध्यापक गैरहजर समजून दंड! आणि मला सर्वांत आवडलेला नियम असा, की अवघड भाग तासाच्या शेवटावर ढकलायचा नाही. हा नियम करणाऱ्या मुलांनी प्राध्यापकांना किती बारकाईने ओळखले होते पाहा. शेवटच्या पाच मिनिटांत 'हे तुम्ही घरी वाचा' म्हणून उरकलेले प्रकरण हेच परीक्षेत छळते, हा अनुभव सातशे वर्षांत बदललेला नाही.

बोलोन्याची पद्धत आज जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही. मी स्वतः प्राध्यापक आहे, दंडाची कल्पना मला फारशी रुचत नाही. पण त्या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती. तासाची वेळ, क्रम, हजेरी यांवर विद्यार्थ्यांची सत्ता होती, परंतु परीक्षा घेऊन पदवीला कोण पात्र हे ठरविण्याचा अधिकार प्राध्यापकांच्या मंडळाने आपल्याकडेच ठेवला होता. आपल्या संस्थांतही हीच रेषा आखता येईल. प्रश्नपत्रिका काढणे आणि तपासणे यांत विद्यार्थी प्रतिनिधीने मुळीच असू नये. परीक्षा कशी झाली, वेळ पुरला का, आकृती नीट छापली होती का, भाषांतरात अर्थ बदलला होता का, हे परीक्षेनंतर सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार असावा, आणि त्याला लेखी उत्तर मिळावे.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. महाराष्ट्रात एके काळी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या निवडणुका होत. त्यांत मारामाऱ्या झाल्या, १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खूनही झाला. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने या निवडणुका थांबल्या. आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखविलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी नेमावा, असे ठरले. २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली, पण ती अमलात आणण्याचे काम लांबणीवर पडत गेले.

खून झाल्यावर निवडणुका थांबविणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण पहिल्या नंबराला प्रतिनिधी नेमण्याने काय होते, हे भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगता येईल. रहाटणी, पिंपळे सौदागरच्या इमारतींच्या गच्चीवर सौर बंब दिसतात. त्याच्या टाकीत गरम पाणी हलके म्हणून वर राहते, थंड पाणी जड म्हणून तळाशी. आता तुम्ही तापमापी फक्त वरच्या थरात बुडवली आणि टाकीतल्या पाण्याचे तापमान ६० अंश आहे असे लिहिले, तर वाचन खोटे नाही, पण ते टाकीचे नव्हे, वरच्या थराचे आहे. वर्गाचेही तसेच असते. पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्याला अपवर्तनाचा धडा पहिल्याच वेळी कळलेला असतो. मागच्या बाकावर काय कळले नाही, हे तो प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, कारण ते त्याच्या अनुभवातच नाही. तापमापी टाकीत दोनतीन ठिकाणी बुडवावी लागते.

अलीकडे महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात विद्यार्थ्यांनाही घेतात, स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांवर एक गुणवंत माजी विद्यार्थी असतो. पाऊल चांगले आहे. पण येथेही 'गुणवंत' आणि 'माजी' हे दोन शब्द पाहा. टाकीचा वरचा थर, आणि तोही कालचा!

परदेशात काय आहे? अमेरिकेत १९६८ साली 'सोसायटी ऑफ फिजिक्स स्टुडंट्स' ही संस्था स्थापन झाली. तिने देशाचे १८ विभाग पाडले आहेत. प्रत्येक विभागातून एक प्राध्यापक आणि एक विद्यार्थी निवडून राष्ट्रीय मंडळावर जातात. प्राध्यापकांना काळाची आठवण असते, विद्यार्थ्यांना आजची अडचण ठाऊक असते. दोघे एका टेबलाशी बसतात. युरोपात १९८६ साली बुडापेस्टला भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपली आंतरराष्ट्रीय संघटना काढली. ती विद्यार्थीच चालवितात. त्या काळी युरोपचे दोन तुकडे होते आणि बुडापेस्ट पूर्वेकडच्या तुकड्यात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मुलांनी केवढे काम केले ते कळते.

राहता राहिला सर्वांत साधा आक्षेप, आणि माझ्या मते तोच सर्वांत खरा. विद्यार्थी आज आहे, उद्या नाही. बी. एस्सी.ची तीनचार वर्षे, त्यांतले पहिले वर्ष बावरण्यात आणि शेवटचे नोकरीच्या काळजीत जाते. प्रतिनिधीला कामकाज समजू लागते तोवर त्याची जाण्याची वेळ झालेली असते. नवा येतो आणि पुन्हा श्रीगणेशा. संस्थांतले जुने जाणते लोक विद्यार्थी प्रतिनिधीकडे दुर्लक्ष करतात, ते पुष्कळदा यामुळे. 'हा वर्षाने जाणारच आहे' असे त्यांना ठाऊक असते.

यावर उपाय आहे आणि तो खर्चाचा नाही. प्रतिनिधी एक नको, दोन हवेत, आणि दोघांच्या मुदती एकाच वेळी संपू नयेत. दोन वर्षांची मुदत, दर वर्षी एक जण बदलणार. म्हणजे जुना नव्याला बैठकीत बरोबर घेऊन बसेल. दोघांपैकी निदान एक जण ग्रामीण किंवा लहान महाविद्यालयातला असावा, दोघेही पुण्याच्या मोठ्या महाविद्यालयांतले नसावेत. निवड मतदानाने व्हावी, पण ती त्या विषयाच्या विद्यार्थ्यांपुरती, भिंती न रंगविता, एका दुपारी उरकणारी. विषयाची संघटना लहान असते. भौतिकशास्त्राच्या मुलांच्या निवडणुकीत ट्रक भरून माणसे आणण्याइतका रस कोणाला असेल असे मला वाटत नाही.

प्रतिनिधीची कामेही ठरलेली असावीत. बैठकीच्या आधी निदान दहा जणांशी बोलणे, त्यांत नापास झालेले काही जण असलेच पाहिजेत. बैठकीनंतर आठवड्याच्या आत काय ठरले ते फलकावर लावणे, आपल्या मनाविरुद्ध ठरले असले तरी. दुसरे काम पहिल्याहून कठीण, कारण 'मी बोललो होतो, पण सरांनी ऐकले नाही' असे म्हणून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. सरांनी का ऐकले नाही, त्यांची अडचण काय होती, प्रयोगशाळेत दोनच स्पेक्ट्रोमीटर असताना तिसऱ्या गटाला कोठून द्यायचा, हेही त्याने आपल्या मित्रांना समजावून सांगितले पाहिजे. तक्रार घेऊन जाणारा पुष्कळ वेळा मिळतो. उत्तर घेऊन परत येणारा क्वचित.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर शाळेत आहोत, आम्हांला या संस्थांशी काय करायचे? पण हे काम महाविद्यालयात गेल्यावर एकदम जमत नाही. त्याचा सराव शाळेतल्या विज्ञान मंडळापासून करावा लागतो. तुमच्या शाळेत विज्ञान मंडळ असेल तर त्याच्या बैठकीला विद्यार्थी किती असतात ते पाहा. विज्ञान प्रदर्शनाचा विषय कोण ठरवितो? १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मुले गटाने प्रकल्प करतात आणि गटाचा प्रमुख तो मांडतो. त्या प्रमुखाला आपल्याबरोबरच गटातल्या सोबत्याने घेतलेल्या मोजमापांबद्दलही उत्तरे द्यावी लागतात. सोबत्याने नदीच्या पाण्याचा नमुना पुलाखालून घेतला की घाटावरून, हे त्याला विचारून ठेवावेच लागते, नाहीतर परीक्षकांपुढे फजिती ठरलेली. प्रतिनिधीचे काम यापेक्षा फार वेगळे नसते.

मॉनिटरलाही हे आजपासून करता येईल. एक साधी वही घ्यावी. डाव्या पानावर वर्गाने विचारलेली गोष्ट आणि तारीख, उजव्या पानावर मिळालेले उत्तर आणि तारीख. उजवे पान कोरे राहिले तर आठ दिवसांनी पुन्हा विचारावे, नम्रपणे, पण विचारावे. वर्ष संपले की ती वही रद्दीत न टाकता पुढच्या वर्षीच्या मॉनिटरच्या हाती द्यावी.